मेंढरांमागं गेलेलं पाकीट

फॉर्मात दोन पत्ते विचारले होते, सध्याचा आणि कायमचा. सध्याच्या जागी सांगलीच्या दवाखान्यातली आमची राहायची खोली घातली. कायमच्यापाशी मी अडले. फॉर्म भरून देणारे दवाखान्याचे कारकून टाक दौतीत बुडवून माझ्याकडे बघत बसले.

"दादा, कायमचा म्हंजी कंचा?" मी विचारलं.

"म्हणजे उद्या तू मेलीस-बिलीस तर मंडळानं कुणाला कळवायचं, तो."

ते गमतीनं म्हणाले. मला मात्र तेच खरं वाटलं. मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. गाव पार पूर्वेला, जतच्याही पलीकडे. तिथं मराठी बोलता बोलता माणूस कधी कानडीत शिरतो ते त्यालाही कळत नाही.

मंडळ मुंबईला होतं. नर्सा आणि सुइणी यांची नावं नोंदून घेणारं. परीक्षा पास झालीस म्हणून हुरळून जाऊ नकोस, तिथं नाव चढून सर्टिफिकीट हातात आल्याशिवाय कुठं कायम करणार नाहीत, असं मेट्रनबाईंनी मला बजावलं होतं. त्यांचा शब्द मला देवाच्या जागी. मराठी चौथी होऊन शाळा सुटल्यावर मी आईबापाबरोबर मेंढरांमागं गेले होते. सांगलीच्या अलीकडे आमचा तळ असताना मला मुदतीचा ताप आला. मेंढरं काही एका माणसासाठी थांबत नाहीत. त्यांना चारा लागतो. आप्पांनी मला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणलं आणि परतीच्या वाटेवर घेऊन जातो म्हणून सांगून ते गेले. पावसाच्या तोंडावर आले, तोवर मी बरी होऊन आयांच्या हाताखाली कपडे उकळायला लागले होते. मेट्रनबाई म्हणाल्या, "हिला इथंच राहू द्या, शिकवते." आप्पा हात जोडून म्हणाले, "ठेवा बाईसाब. तुमी जगिवली, तुमचीच हाय." मी तेव्हापासून सांगलीची झाले. वर्षातून एकदा, मेंढरं खाली येताना, आप्पा दवाखान्याच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे, मला बघायचे आणि जायचे.

तर कारकूनदादांनी विचारलं, "सर्टिफिकीट यातल्या कुठल्या पत्त्यावर मागवू? सांगली तर तू सोडतेस."

मला कराडच्या अंगाला एका बाजारगावी व्यापाऱ्यांनी काढलेल्या धर्मादाय सूतिकागृहात जागा मिळत होती. पण तिथं आपला टिकाव लागेल की नाही, याची मला धास्ती. उद्या तिथून काढलं तर सर्टिफिकीट मागं एकटं राहायचं. म्हणून म्हटलं, "कायमच्यावरच धाडायला सांगा." आणि खरं सांगायचं तर मुंबईच्या कागदावर आमच्या गावाचं नाव बघून मला बरं वाटलं होतं. आमचंही काही कायमचं आहे असं.

दसरा झाला की आमच्या घरांतली माणसं मेंढरं घेऊन कृष्णेच्या अंगाला उतरतात, ती पावसाच्या आधी परततात, हे मला ठाऊक नव्हतं काय? चांगलं ठाऊक होतं. पण घरी चुलता होता. तो पायानं अधू, म्हणून गावातच राही. घर म्हटलं की मला तोच दिसायचा, उंबऱ्यात बसून लोकर कातताना. तो घेईल आणि ठेवील, एवढाच माझा विचार.

सूतिकागृहात मी दिवाळीच्या आधी रुजू झाले. तिथल्या डॉक्टरीणबाई कोकणातल्या होत्या, बोलायला कडक आणि मनानं मऊ. मला एक शब्द समजला नाही तर तीनदा सांगायच्या. पण नेमणूक त्यांच्या हातात नव्हती. ती कमिटीची. कमिटीचे अध्यक्ष गुळाचे व्यापारी होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाडव्यापर्यंत सर्टिफिकीट आणा. पाडव्याला भिंतीवर लागलं पाहिजे. नाही लागलं तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल. आम्ही लोकांच्या पैशावर चालवतोय."

मी मान हलवली. पाडवा तेव्हा फार लांब वाटला होता.

संक्रांत झाली तरी चुलत्याकडून काही येईना. मी मंडळाला पत्र घातलं. अक्षर माझंच, मजकूर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला. त्याला उत्तर येणारच नाही असं वाटून, घाबरून, मी माझ्या मनानंच दुसरं घातलं. त्यात काय लिहिलं ते आता आठवलं तरी अंग चोरून घ्यावंसं वाटतं. माझं काही चुकलं असल्यास लेकरू समजून पोटात घालावं, असं लिहिलं होतं. शिवरात्रीच्या सुमाराला दोन्हींचं मिळून एक उत्तर आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. बाईंनी वाचून दाखवलं: सर्टिफिकीट तुम्ही दिलेल्या कायमच्या पत्त्यावर रजिस्टर पोष्टानं पाठवलेलं आहे. पोच आली आहे, तिच्यावर अंगठा आहे. ते हरवलं असल्यास मॅजिस्ट्रेटपुढं तसं प्रतिज्ञापत्र करून पाठवावं, म्हणजे दुसरी प्रत देता येईल. उत्तर सरळ होतं, त्यात राग नव्हता. मला तेवढ्यानंही हायसं वाटलं.

बाई ती चिठ्ठी घेऊन स्वतः अध्यक्षांकडे गेल्या. परत येऊन पंखा घेत खुर्चीत बसल्या.

"म्हणतात, तपासणीला साहेब आला तर त्याला भिंतीवर काय दाखवू? सर्टिफिकीट पाठवल्याची चिठ्ठी दाखवू?"

अध्यक्षांचंही खोटं नव्हतं. मला तेव्हाही तसंच वाटलं होतं.

अंगठा चुलत्याचाच असणार. मी गावच्या मास्तरांना पत्र घातलं, कारण आमच्या आळीत वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांचं उत्तर लवकर आलं आणि ते वाचून मी औषधांच्या कपाटाला पाठ लावून खाली बसले.

झालं होतं असं. पाकीट आलं त्याच महिन्यात गावात एक सरकारी लखोटा आलेला. लढाईचे दिवस होते. पलटणीत गेलेल्या एका पोराच्या घरी तो आला आणि त्या घरात रडारड झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोष्टमननं चुलत्यापुढं माझ्या नावाचं, लाखेचे शिक्के असलेलं पाकीट धरलं. चुलत्यानं अंगठा दिला, पण पाकीट फोडलं नाही. मास्तरांकडंही नेलं नाही. त्याला वाटलं, हेही तसलंच. चार जाणती माणसं घेऊन तो बिरोबाच्या देवळात गेला आणि देवाला कौल लावला: फोडू का नको? देवाच्या अंगाला लावलेल्या फुलांतलं डावीकडचं पडलं. म्हणजे नको. मग पाकिटावर भंडारा टाकून ते देवापुढंच ठेवलं. पुढं कुणीतरी म्हणालं, लेक ज्याची त्यानंच काय ते बघावं. म्हणून बाजाराला निघालेल्या एका माणसाबरोबर पाकीट आप्पांच्या मागं धाडून दिलं. तळावरून तळावर, हातातून हातात. ते त्यांना पोचल्याचा निरोपही उलटा आला होता.

मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं, "तू हयात असल्याचे तुझ्या चुलत्यास तुझे पत्र वाचून दाखवून पटवले आहे. तुझ्या वडिलांस कसे कळवावे हे मात्र समजत नाही, कारण ते कोठे आहेत हे कोणासच ठाऊक नाही."

आमचे कंपाउंडर साताऱ्याकडचे. जिभेला हाड नव्हतं, पण जीव लावणारे. त्यांनी बाटल्या पुसता पुसता सगळं ऐकलं.

"आगं मग सोपं हाय की. हरवलं म्हणायचं, मोकळं व्हायचं. साताऱ्याला माझ्या वळखीचा वकील हाय. येका फेरीत काम."

बाईंनी आम्हा दोघांना रजा दिली. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार धापा टाकत, चढावर सगळ्यांना उतरवत साताऱ्याला पोचली. वकील म्हातारे होते, कानावर हात ठेवून ऐकायचे. त्यांनी कागद पुढं ओढला.

"पाकीट हरवलं. बरोबर?"

"न्हाई जी. आप्पांकडं हाय."

"आप्पा कोण?"

"माझं वडील."

"मग त्यांच्याकडून घे की."

"ते मेंढरांमागं हायत."

"मेंढरं कुठं आहेत?"

"चारा आसल तितं."

वकिलांनी कंपाउंडरांकडे पाहिलं. कंपाउंडर छताकडे बघायला लागले.

"हे बघ पोरी," वकील म्हणाले, "पोचपावतीवर तुझ्या माणसाचा अंगठा आहे. हरवलं असं लिहायचं तर कुणाकडून हरवलं तेही लिहावं लागेल. म्हणजे अंगठा दिलेल्या माणसानं हरवलं. मंडळानं उद्या चौकशी लावली तर पोलीस त्याच्या दारात जाईल. चालेल?"

मला चुलता दिसला. उंबऱ्यातून उठताना त्याला दोन्ही हात जमिनीला टेकावे लागतात. त्याच्यापुढं पोलीस उभा.

"आणि शपथेवर लिहायचं," ते म्हणाले. "कुठं आहे ते ठाऊक असताना हरवलं म्हणायचं. आहे तयारी?"

मी नुसती रडायला लागले. त्यांनी कागद दप्तरात परत घातला आणि फी घेतली नाही. येताना कराड जवळ आलं तसे मोटारीत कंपाउंडर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "खोटं बोलाय बी शिकवत न्हाईत व्हय गं तुमच्या सांगलीत?" मला हसू आलं आणि पुन्हा रडू आलं.

मनात एकच गोष्ट घोळत होती. आप्पा माझ्यापासून फार लांब नसणार. आमच्या लोकांचा उतरायचा पट्टा मला लहानपणापासून पाठ. इस्लामपूरच्या अलीकडं-पलीकडं काळ्या रानांत बागायतदार मेंढरं बसवून घेतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की शेताला खत होतं, आणि त्याबद्दल धान्य मिळतं. एका शेतात एक-दोन रात्री, की पुढं. म्हणजे माझं सर्टिफिकीट आणि मी, दोघंही कृष्णेच्या काठालाच होतो, फक्त ते रोज हलत होतं. मुंबईला पत्र घातलं की उत्तर येत होतं. दहा-वीस मैलांवरच्या बापाला पत्र कुठं घालावं ते मला कळत नव्हतं.

बाईंनी पुन्हा एक दिवस मोकळा दिला. त्या दिवशी कुणी अडली तर त्या एकट्याच होत्या, तरी दिला. मी इस्लामपूरच्या मोटारीनं मधेच उतरले आणि पांदीनं चालत सुटले. जी गाडी दिसेल, जी मोट दिसेल, तिथं विचारायची.

"मामा, पूर्वेकडची मेंढरं बसल्यात का कुठं हितं?"

"बसली हुती की. परवा आमच्यातच बसली हुती. लेंड्या बघ, हायत आजून."

पुढच्या मळ्यात एक म्हातारी उसाच्या बांधावर बसून भाकरी खात होती. माझी पांढरी साडी आणि पायातल्या चपला बघून ती हसली.

"मेंढरं कशाला गं हुडकतीयास? देवी टोचाय आलेली डागदरीण का तू?"

"न्हाई आजी. त्या मेंढरांमागं माझा बा हाय."

तिनं भाकरी खाली ठेवली. "तुजा? बा धनगर आन तू ही अशी?" मग हात करून म्हणाली, "त्या लिंबापल्याड जा. काल तितं धूर दिसत हुता."

लिंबापल्याड तीन दगडांच्या चुली होत्या. राख कोमट होती. जमीन खुरांनी चाळणीसारखी झालेली, आणि कुंपणाच्या बाभळीला लोकरीचे बारके पुंजके अडकलेले. मी एक पुंजका काढून नाकाशी धरला. आमच्या मेंढरांचा वास मी कुठंही ओळखला असता, असं मला तेव्हा वाटलं. खरं तर सगळ्या मेंढरांचा वास सारखाच येतो. ती आमची होती का दुसऱ्या कुणाची, ते मला आजही सांगता यायचं नाही. पुढं वाट तीन बाजूंना फुटत होती आणि तिन्हींवर खुरं उमटलेली. ऊन कलायला लागलं. शेवटची मोटार चुकली तर उद्याची पाळी चुकायची. मी उभ्या जागी आप्पा, आप्पा म्हणून हाका मारल्या. एका उसातनं कुणीतरी ओ दिली, पण तो पाणी पाजणारा गडी होता. त्याला वाटलं, मी त्याला बोलावतेय.

मी परतले.

पाडवा आला. गुढी उभारली, कडुनिंब वाटला आणि दुपारी अध्यक्षांचा माणूस नव्या नर्सबाईंना घेऊन आला. त्या मिरजेकडच्या होत्या, वयानं माझ्याहून थोर. त्यांचं सर्टिफिकीट काचेत घालून आणलं होतं. कंपाउंडरांनी खिळा ठोकला. दोनदा वाकडा ठोकला, मला वाटतं मुद्दामच. मी सामान बांधायला घेतलं, तर डॉक्टरीणबाई खोलीच्या दारात आल्या.

"कुठं जाशील?"

सांगलीला परत कोणत्या तोंडानं जायचं? आणि गावी तर अधू चुलत्याशिवाय कुणी नव्हतं.

"आयाची जागा रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "नर्सचं काम सांगता यायचं नाही मला तुला. पण छप्पर आहे."

मी त्यांच्या पाया पडले. पुढं वर्षभरानं त्यांच्याच शब्दावर मला साताऱ्याच्या बाजूला पुन्हा सुईणीची जागा मिळाली. त्यांचे हे उपकार मी कुठं फेडणार? पण त्या दिवशी पांढरी साडी घडी करून ट्रंकेत अगदी तळाशी ठेवली. नवीन नर्सबाई वाईट नव्हत्या. पहिल्या दिवशी मला ताई म्हणाल्या. मग कामाच्या गडबडीत सगळ्यांसारखं आया म्हणायला लागल्या. त्यात त्यांचं काय चुकलं?

अक्षयतृतीया जवळ आली होती. मी मागच्या दारी चुलाणावर कपडे उकळत होते. कंपाउंडर आले. चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"फाटकात एक म्हातारा धनगर हुबा हाय. आत येईना. म्हणतुया, हितं आमची एक पोरगी हुती... आन पुढं बोलायचं थांबतुया."

मी तशीच, ओल्या हातांनी धावले.

आप्पा काठीवर भार देऊन उभे होते. उन्हानं काळे ठिक्कर, दाढी वाढलेली. मला बघून ते पुढं आले नाहीत. आधी त्यांनी माझ्या पावलांकडे पाहिलं, बोटं पुढं आहेत का टाच ते. मग तोंडाकडे.

"हाईस नव्हं?" ते म्हणाले.

"हाय की आप्पा."

ते तिथंच मातीत बसले. खांद्यावरच्या घोंगड्याचा कोपरा त्यांनी गुडघ्यावर ओढला. तो लोकरीच्या दोऱ्यानं जाड टाके घालून शिवलेला होता. चाकूनं टाके उसवून त्यांनी पाकीट काढलं. भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, कडांना मळलेलं, शिक्के जसेच्या तसे.

"फोडलं का न्हाई तुमी?"

"कशाला फोडू? फोडलं की संपलं. न्हाई फोडलं तवर तू हाईस, आसं तुजी आई म्हणती. मग म्हनलं, जाऊन बगूच." त्यांनी नाक पुसलं. "सांगलीत इचारलं, त्यांनी हितला ठाव सांगितला. पर येकदम कसं यायाचं? मेंढरं सोडून? मग ह्याच अंगाला वळवत वळवत आलो. लय घाई केली गं. पर गाभण्या हुत्या, त्यांस्नी तरी किती दामटायचं?"

मी हात पदराला पुसले आणि पाकीट फोडलं. आतला कागद कोरा करकरीत होता. माझं नाव, आकडा, खाली सही.

"काय लिवलंया?"

"माझं नाव मुंबईला नोंदलंय. आता मला कुठंबी बाळंतपण करायची मुभा हाय."

"म्हंजी चांगलं हाय."

"लय चांगलं हाय."

त्यांनी कागदाला बोट लावलं नाही. हात घोंगड्याला पुसले आणि नुसते वाकून बघत राहिले. मग घाबरत विचारलं, "उशीर तर न्हाई झाला? काय आडलं न्हाई न्हवं तुजं?"

रस्त्याच्या पलीकडे आमची मेंढरं उभी होती. आई एका कोकराला काखेत धरून त्यांच्या मधे उभी राहून इकडेच बघत होती. तिला वाटेवर मेंढरं सोडून येता येत नव्हतं. मी लांबूनच हात केला. तिनं कोकरासकट हात वर केला.

"न्हाई आप्पा," मी म्हटलं. "कायबी आडलं न्हाई."

"ठेवत्यात न्हवं तुला हितं?"

"ठेवत्यात की."

आतून नव्या नर्सबाईंची हाक आली, "आया, पाणी आण गं लवकर!" पहिलटकरीण सकाळपासून आत होती. आप्पांनी हाक ऐकली. आया म्हणजे काय, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? काठी रोवून ते उठले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाल्यासारखा वाटला.

"जा बाय, जा," ते म्हणाले. "तुझ्याबिगर आडलंया त्यांचं."